वाचणारं माणूस घरात आहे तोवर

चाँद दिसल्याची बातमी आता मशिदीच्या भोंग्याआधी फोनवर येते. पुढची पाच मिनिटं आमच्या घरगुती ग्रुपवर मुबारकबादीचा पाऊस पडतो, आणि तो तीन लिप्यांत पडतो. हैदराबादला दिलेल्या नणंदबाई उर्दूत लिहितात, उजवीकडून डावीकडे. लातुरातले आम्ही देवनागरीत लिहितो. दुबईला नोकरी करणारे दीर, त्यांची मुलं आणि पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा मुलगा इंग्रजी अक्षरं वापरतात. भाषा एकच, जेवताना बोलतो तीच. पण निम्म्या ग्रुपला उरलेल्या निम्म्याचं लिहिलेलं वाचता येत नाही. नणंदबाईंचा लांबलचक, दुआंनी भरलेला मजकूर आला की पोरं त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी होतात. पूर्वी ज्याला अक्षरओळख नसायची तो कागदावर अंगठा उठवायचा. आता अंगठा उठवणारी पोरं पदवीधर आहेत, एवढाच फरक.

मला मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येतं, म्हणून या ग्रुपवर माझ्याकडे टपालवाल्याचं काम असतं. दुबईची पुतणी हळूच विचारते, "बडी अम्मी, फुप्पी क्या लिखे?" तिकडून नणंदबाई विचारतात, "भाभी, बच्चे क्या बोल रे?" इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. हे गमतीचं वाटतं तोवर ठीक आहे. पण एका घरातल्या तीन पिढ्या एकमेकांचं लिहिलेलं वाचेनाशा झाल्या, तर त्या घरात नेमकं काय बंद पडतं? हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या मनात आहे. त्याला कारण झाले अब्बा.

दगडावरून काचेवर

अब्बा म्हणजे माझे सासरे. वय ७८. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांवर पस्तीसेक वर्षं शिक्षक होते. आमच्या घरात सगळ्यांत जास्त वाचणारं माणूस तेच. सकाळी चहाबरोबर मराठी पेपर, दुपारी हैदराबादचा 'सियासत'. तो एसटीने यायचा, कधी कधी दुसऱ्या दिवशी. शिळ्या बातम्या काय वाचता, असं कुणी म्हटलं की सांगायचे, "बातमी मराठीत वाचतो, उर्दूत भाषा वाचतो."

त्यांच्या तरुणपणी तो पेपर अक्षरशः हाताने लिहिलेला असायचा. उर्दूची जी वळणदार लिपी आपण पाहतो ती नस्तालीक. तिच्यात अक्षरं सरळ रेषेवर उभी राहत नाहीत. शब्द वरून खाली, उजवीकडून डावीकडे घरंगळत येतो. तेच अक्षर शेजार बदलला की रूप बदलतं. शिशाच्या खिळ्यांत हे बसेना. म्हणून कातिब नावाचा कारागीर खास कागदावर तेलकट शाईने पान लिहायचा, ते दगडावर आणि पुढे जस्ताच्या पत्र्यावर उतरायचं आणि मग छापलं जायचं. रात्री उशिरा मोठी बातमी आली तर कातिबाला झोपेतून उठवावं लागे.

मराठी वाचकाला ही शिळाछापाची गोष्ट परकी वाटू नये. आपलं पहिलं छापील पंचांग गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळेवरच काढलं होतं. पुढे निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरीचे देखणे खिळे पाडले आणि मराठी दगडावरून उतरून पुढे गेली. उर्दू मात्र आणखी शंभरेक वर्षं कातिबाच्या बोटांवर चालली. १९८१ साली लाहोरच्या 'जंग'ने पहिल्यांदा संगणकावर जुळवलेलं नस्तालीक दैनिकात वापरलं. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी वीसेक हजार जोडआकार एकेक करून तयार करवले होते. १९९४मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' आणलं आणि आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या छापखान्यांत संगणकावर उर्दू जुळू लागली. कातिबांचं काम गेलं. चेन्नईचा 'मुसलमान' हा १९२७ साली सुरू झालेला पेपर मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं हातानेच लिहिला गेला.

अब्बांना या बदलाचं दुःख नव्हतं. "छपाई साफ झाली, चुका कमी झाल्या," म्हणायचे. दुःख त्यांना पहिल्या फोनवर झालं. फोनवर उर्दू उमटायची, पण नस्तालीकमध्ये नाही, नस्ख वळणात; म्हणजे अरबी ग्रंथ ज्यात छापतात त्या सरळ, आडव्या अक्षरांत. सगळं वाचता येई, तरी त्यांना ते आपलं वाटत नसे. उद्या ही पुरवणी कुणी फक्त इंग्रजी अक्षरांत छापली, तर आपल्याला कसं वाटेल, तसंच काहीसं. पुढे २०१४मध्ये गुगलने नस्तालीकचा मोफत फॉन्ट दिला, २०१७मध्ये आयफोनवरही नस्तालीक आलं. मुलाने अब्बांच्या फोनवर अक्षर मोठं करून दिलं, त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून ठेवून 'सियासत' वाचला. तंत्रज्ञानावर माझा राग नाही तो अशा दिवसांमुळे.

'इस' की 'उस'?

गेल्या वर्षी अब्बांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला. या आजारात माणूस आंधळा होत नाही. दारातून कोण आलं हे अब्बा चालीवरून ओळखतात, अंगणातली बादली टाळून चालतात. पण ज्या ठिकाणी नजर रोखावी नेमकं तेच पुसट होतं. समोर पान धरलं की कडा दिसतात, अक्षर दिसत नाही. वाचणाऱ्या माणसासाठी याहून नेमका घाव दुसरा नसेल.

मग आम्ही यंत्राकडे वळलो. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी अ‍ॅप्स आता फुकट मिळतात. मराठी पेपर ते यंत्र बऱ्यापैकी वाचतं, कारण देवनागरीत वेलांटी-उकार सगळं लिहिलेलं असतं. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. ते वाचणाऱ्याने ओळखायचे. 'इस' आणि 'उस' हे दोन शब्द हुबेहूब सारखे लिहिले जातात. हा की तो, हे वाक्य पुढे वाचल्यावर कळतं. यंत्राने 'इस'च्या जागी 'उस' म्हटलं की अब्बा हात वर करायचे, जसे वर्गात करत असतील. पहिल्या आठवड्यात त्यांनी चुका मोजल्या, दुसऱ्या आठवड्यात फोन बंद करून उशीखाली ठेवला. "आवाज अच्छा है," म्हणाले, "लेकिन समझता नहीं, पढ़ता है."

मी घरी असेन तेव्हा वाचून दाखवायचे. पण कॉलेज, पेपर तपासणी, घर. त्यात रमजान आणि बोर्डाच्या परीक्षा एकत्र आलेल्या. दुपारी पर्यवेक्षण करून घरी यायचं आणि असरनंतर चूल पेटवायची. भजी तळणाऱ्या हाताने पेपर धरता येत नाही. यजमान दुकानातून मगरिबच्या दहा मिनिटं आधी येतात. उरली आमची लेक, नववीतली. आणि तिला उर्दू वाचता येत नव्हती.

अरबी येते, उर्दू नाही

ज्या वाचकांना आमच्या घरांची माहिती नाही त्यांना याचं आश्चर्य वाटेल. लेक मराठी शाळेत शिकते. आम्ही विचार करून घातलं, आणि तिची मराठी पाहून आनंदच होतो. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवलेत; ते तिने सुट्टीत फोनवर वाचून काढले. संध्याकाळी ती मोहल्ल्यातल्या मक्तबमध्ये जायची, तिथे कायदा शिकली, कुरआन वाचायला शिकली. म्हणजे उजवीकडून डावीकडची अक्षरं तिला पाठ आहेत. तरीही उर्दू पेपर समोर धरला की ती अडखळायची.

कारण साधं आहे. मक्तबमधली अरबी नस्ख वळणात असते आणि प्रत्येक अक्षराच्या वर-खाली स्वरचिन्हं दिलेली असतात. मूल चिन्ह बघतं आणि उच्चारतं. उर्दूत ती चिन्हं नाहीत, अक्षरांचा घरंगळता ढीग आहे, आणि वर अरबीत नसलेली ट, ड, प, च, ग अशी अक्षरं आहेत. मराठी किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आमच्या अनेक मुलांचं असंच आहे. जी भाषा समजत नाही ती वाचता येते. जी घरात बोलतात ती वाचता येत नाही.

त्यातही घरात बोलतो ती पुस्तकी उर्दू नाही, दख्खनी आहे. 'नक्को', 'कायकू', 'मैंच जाती' म्हणणारी. हा 'मैंच'मधला 'च' आम्ही मराठीकडून घेतला आणि परत केला नाही. या बोलीला फोनने एक उपकार केलाय, तो सांगायलाच हवा. शाळेत दख्खनी बोललं की आम्हाला टोकायचे, पत्रात ती लिहायची पद्धत नव्हती. पत्र आलं की त्यात आमची फुप्पीसुद्धा लखनौची बेगम होऊन बोलायची. आता व्हॉइस मेसेज आले आणि बाया मोकळ्या झाल्या. खालाजान हैदराबादहून चार मिनिटं जे बोलतात त्यात त्यांचं हसणं, मागे शिजणाऱ्या हलीमची वाफ, नातवाला दिलेला दम, सगळं येतं. बोली जशीच्या तशी पोचते. पण व्हॉइस मेसेज कुणी दुसऱ्यांदा ऐकत नाही, आणि फोन भरला की आधी तेच पुसले जातात. बोललेलं आता स्वस्त झालंय, लिहिलेलं महाग होत चाललंय.

पाटलांचा कागद

लिहिलेलं किती महाग होऊ शकतं ते आमच्या मराठवाड्याने नुकतंच पाहिलं. २०२३च्या सप्टेंबरपासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुनी दप्तरं तपासायला घेतली. त्यातले कितीतरी कागद मोडीत, आणि निजामकाळातले अनेक उर्दूत. ज्या लिप्या आपण घराबाहेर ठेवल्या होत्या, त्या वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना लोक शोधू लागले.

त्या दिवसांत शेजारच्या गावचे एक पाटील अब्बांकडे आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडीवर फाटलेला एक कागद. तेव्हा अब्बांची नजर शाबूत होती. त्यांनी भिंग घेतलं, कागद उन्हाकडे धरला आणि उर्दूत पुटपुटत मराठीत सांगायला सुरुवात केली. वर साल होतं १३४३. पाटील गोंधळले. अब्बांनी शाळामास्तरासारखं समजावलं, "हे फसली साल. यात ५९० मिळवा. म्हणजे १९३३-३४." मग शिवार, सर्व्हे नंबर, आकार. पाटलांना एका रकान्यातला शब्द हवा होता; तो अब्बांनी वाचून दाखवला. पण पाटील लगेच उठले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, आज्याचं नाव पुन्हा एकदा वाचा की." अब्बांनी वाचलं, बापाच्या नावासकट. पाटलांनी तीनदा वाचून घेतलं. नव्वद वर्षं तो कागद त्यांच्या घरातल्या पेटीत होता आणि त्या घरातल्या कुणीही तो वाचला नव्हता.

मोडीचं तर आपणा सर्वांनाच ठाऊक आहे. छपाई बाळबोधीत स्थिरावली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. दोन पिढ्यांत अशी वेळ आली की नातवाला आजोबांचं खरेदीखत वाचायला पैसे देऊन जाणकार शोधावा लागतो. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. उर्दूसारखंच तिथेही वाचणाऱ्याला निम्मं काम करावं लागतं. लिपी कुणी बंदी घालून मारली नाही. घरात वाचणारं शेवटचं माणूस गेलं आणि त्याच्या जागी कुणी बसलं नाही, इतकंच झालं.

रोजनामचा

अब्बांच्या कपाटात ३१ वह्या आहेत. नोकरी लागल्यापासून निवृत्तीपर्यंतचा त्यांचा रोजनामचा. शाळेच्या दोनशेपानी वह्या, निळी शाई, आणि घाईत लिहिलेलं शिकस्ता अक्षर. म्हणजे असं मोडकं की उर्दू येणाऱ्यालाही दोनदा बघावं लागतं. दोन वह्यांना वाळवीने कोपरे खाल्लेत. गेल्या दिवाळीत अब्बा म्हणाले, "बाकी पेपर-बिपर जाऊ दे. माझंच लिहिलेलं मला एकदा ऐकायचंय."

पुण्याच्या चिरंजीवांनी त्याच रात्री उपाय सांगितला. "सगळ्या वह्या स्कॅन करू. दोन-चार वर्षांत ए.आय. हे अक्षरसुद्धा वाचेल." त्याने सुट्टीत चार वह्यांचे फोटो काढून ठेवलेही, आणि ते फार चांगलं केलं, वाळवीला सुट्टी नसते. यंत्र एक दिवस हे वाचेल याबद्दलही मला शंका नाही. पण दोन-चार वर्षं हा हिशेब विशीतल्या मुलाचा आहे. अब्बा ७८ वर्षांचे आहेत.

लेकीने वाद घातला नाही. तिने आपली जुनी पाटी माळ्यावरून काढून आणली.

मग शिकवणी सुरू झाली ती अजून चालू आहे. अब्बांना पाटीवरचं दिसत नाही, पण हाताला अक्षर दिसतं. खडूने ते काढतात, ती वाचते. बे, पे, ते, से यांची खालची नौका एकच, फरक टिंबांचा. एक टिंब खाली तो ब, तीन खाली तो प. "दोन टिंबं जास्त टाकलीस तर बापाचा पाप होतो," असं सांगून ते स्वतःच हसतात. ती फोन शेजारी ठेवून शिकते, हे मला आवडतं. तोच मजकूर आधी नस्खमध्ये बघायचा, जो तिच्या ओळखीचा आहे, आणि मग नस्तालीकमध्ये. २०१३ साली सुरू झालेल्या 'रेख्ता' या संकेतस्थळावर एकच कविता उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत दिसते, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. ती उर्दूतून वाचते, अडली की देवनागरीत डोकावते. पूर्वी असं पुस्तक मिळायला मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जावं लागे. आज ते लातूरच्या नववीतल्या मुलीच्या खिशात आहे. फक्त 'इस' की 'उस' हे सांगायला शेजारी दादा लागतात.

यंदाच्या रमजानमध्ये त्यांनी वेळ ठरवली: असरनंतर, इफ्तारच्या आधीची पंचवीस-तीस मिनिटं. रोजा असलेल्या घरात ही सर्वांत लांब मिनिटं असतात. पोरं ती फोनवर अंगठा फिरवून काढतात, मोठी माणसं घड्याळाकडे बघून. मी स्वयंपाकघरातून ऐकते. ती अक्षर-अक्षर जुळवत वाचते, "ह… हा… हाजिर." हजर. मग 'गैरहाजिर', 'दरखास्त', 'रजा', 'तालुका', 'जिल्हा', 'तारीख'. परवा येऊन मला म्हणाली, "मम्मी, यातले निम्मे शब्द तर मराठीच आहेत." मी म्हटलं, निम्मे मराठी शब्द उर्दू-फारसी आहेत असंही म्हणता येईल, भांडण नको, दोघांचं सामायिक शेत आहे.

आणि अब्बा? ते नुसते ऐकत नाहीत. एक ओळ वाचली की ते थांबवतात. "हा जो दरखास्त देणारा पोरगा, त्याचा बाप बैलबाजारात दलाल होता." वहीत नसलेलं असं पुष्कळ काही ओळीओळीच्या मधून बाहेर येतं. लेक ते फोनवर रेकॉर्ड करते. पानाचा फोटो, त्यावर अब्बांचा आवाज. ही कल्पना मुलाची. ती जोडणारी अ‍ॅपची करामतही त्याचीच. तो रोज रात्री पुण्याहून ऐकतो आणि विचारतो, "बैलबाजारवाल्याचं पुढे काय झालं?"

गेल्या आठवड्यात १९९३ची वही निघाली. अब्बा तेव्हा भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावात शिक्षक होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर जमीनदोस्त झाला, त्याच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. लेकीने आदल्या दिवसाची नोंद वाचली: मिरवणूक, शाळेला सुट्टी, शेजाऱ्यांकडून आलेला प्रसाद. ३० तारखेला एक ओळ होती. आज मदरसा नहीं भरा. मग तिने पान उलटलं, पुन्हा उलटलं. मी भजी काढायची थांबले, कारण बाहेरून आवाज येईना.

"दादा, आगे ग्यारा दिन का कुछ नहीं लिखे."

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात नहीं उठा, बेटा. आगे का पढ़."

पुढच्या पानावर हजेरी होती. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा भरली त्या दिवसाची. एकाखाली एक नावं, आणि नावापुढे एकेक शब्द. हाजिर. हाजिर. काही नावांपुढे जागा कोरी. गैरहाजिर लिहिलेलं नव्हतं. लेकीने सगळी नावं वाचली. जिथे कोरं होतं तिथे ती थांबायची, आणि अब्बा त्या मुलाबद्दल एखादं वाक्य सांगायचे. कोण गणितात हुशार होता, कुणाचं अक्षर चांगलं होतं. मगरिबची अजान झाली तेव्हा चार नावं उरली होती. अब्बांनी खजूर हातात घेतला आणि म्हणाले, "पहले ये चार पढ़ ले."

ती कोरी जागा उद्याचं यंत्र वाचू शकेल का, हे मला ठाऊक नाही. ती ज्यांनी सोडली ते शेजारी बसलेले होते म्हणून आम्हाला वाचता आली, इतकं ठाऊक आहे.

आपापलं कपाट

ज्या घरात हा पेपर वाचला जातोय, तिथल्या कपाटातही काहीतरी असेल. आजोबांच्या मोडीतल्या चोपड्या, आजीने लिहिलेली लोणच्याच्या मसाल्याची वही, निळ्या आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा, वडिलांची शेतीच्या हिशेबाची डायरी. देवनागरीत असलं तरी अक्षर कुणाचं तरी असतं, आणि ते ओळखणारं माणूस घरात एखादंच असतं.

फोन सगळ्यांकडे आहे, त्याचा एवढा उपयोग करून घ्यावा. पानाचा फोटो उजेडात काढावा, फ्लॅश न लावता. मग ते पान घरातल्या जाणत्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावं आणि आवाज रेकॉर्ड करावा. त्यांना वाचता येत नसेल तर आपण वाचावं, त्यांनी दुरुस्त करावं. ते मध्येच विषय सोडून भरकटले तर टोकू नये, रेकॉर्डिंग चालू ठेवावं. कामाचं बहुतेक तिथेच असतं. नावं, गावं, तारखा पुन्हा विचारून घ्याव्यात. आणि ते सगळं एकाच फोनमध्ये ठेवू नये, दोन-तीन घरांत असू द्यावं. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत. वेळ मात्र लागतो, आणि शेजारी बसावं लागतं.

आमच्या तीन वह्या वाचून झाल्यात, अठ्ठावीस उरल्यात. परवा लेकीने हिशेब केला आणि काळजीने विचारलं, की ईद झाल्यावर दादा थांबतील का वाचायचे. अब्बांनी तिला सांगितलं, रोजे संपले तरी असर आणि मगरिब रोजच होतात.